वाचकांचे प्रश्न : मुठेकाठच्या पाट्या, शिलालेख आणि पुराच्या रेघा

पुण्याच्या नदीकाठी असलेल्या ऐतिहासिक खुणांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. विठ्ठलवाडीपासून बंड गार्डनपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : शनिवारवाड्याची पायाभरणी शके १६५१ मध्ये झाली असे मी वाचले होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, असे शाळेत शिकलो. त्याप्रमाणे १७२९ हे साल येते, परंतु सर्वत्र १० जानेवारी १७३० अशी तारीख दिलेली दिसते. उलट ओंकारेश्वराच्या आवारात ज्यांची समाधी आहे, त्या चिमाजी अप्पांच्या मृत्यूचा शक १६६२ असून त्यात ७८ मिळवल्यास १७४० हे बरोबर साल येते. मग शनिवारवाड्याच्या बाबतीत चूक कोणाची? (शनिवार पेठेतील एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : चूक कोणाचीच नाही. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते आणि इसवी सनाचे जानेवारीत, त्यामुळे एकाच शकात इसवी सनाची दोन वर्षे येतात. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या घटनेसाठी शकात ७८ मिळवावे लागतात, तर १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या घटनेसाठी ७९. शनिवारवाड्याची पायाभरणी माघ शुद्ध तृतीयेची, म्हणजे शक संपण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यांतली असल्याने १६५१ मध्ये ७९ मिळवून १७३० हे साल येते. चिमाजी अप्पांचे निधन १७ डिसेंबर १७४० रोजी झाले, म्हणून तेथे ७८ चालतात. ते आणखी पंधरवड्याने गेले असते, तर आपल्याला तेथेही १७४१ लिहावे लागले असते आणि शक मात्र तोच राहिला असता.

आपण विचारलेले नाही, पण ज्यावरून आमच्याकडे वारंवार पत्रे येतात असा आणखी एक मुद्दा येथेच स्पष्ट करणे बरे. आजचे इंग्रजी कॅलेंडर मागे मोजत नेले, तर १० जानेवारी १७३० या दिवशी मंगळवार येतो. संगणकावर हे पाहून ‘शनिवारी पाया घातला म्हणून शनिवारवाडा ही कथा खोटी’ असा निष्कर्ष काढणारे वाचक आहेत. वस्तुस्थिती अशी की इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये नवे कॅलेंडर स्वीकारले. तोपर्यंत ते जुनेच वापरत आणि अठराव्या शतकात जुने कॅलेंडर नव्याच्या ११ दिवस मागे होते. मराठ्यांच्या इतिहासातील १७५२ पूर्वीच्या तारखा बहुतेक अभ्यासकांनी या जुन्या पद्धतीने दिल्या आहेत. जुन्या पद्धतीचा १० जानेवारी म्हणजे नव्या पद्धतीचा २१ जानेवारी, आणि त्या दिवशी शनिवारच होता.

हा फरक चिमाजी अप्पांच्याच बाबतीत आणखी ठळकपणे दिसतो. पोर्तुगीजांनी नवे कॅलेंडर १५८२ मध्येच घेतले होते. त्यामुळे वसईच्या शरणागतीची तारीख पोर्तुगीज कागदांच्या आधारे लिहिणारे १६ मे १७३९ अशी देतात, तर मराठी इतिहासाची जुनी पुस्तके ५ मे अशी देतात. दिवस एकच आहे. ओंकारेश्वराचे मंदिर १७३६ ते १७३८ या काळात शिवरामभट चित्राव यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. याच वर्षांत चिमाजी अप्पा वसईच्या मोहिमेत गुंतलेले होते आणि विजयानंतर दोन वर्षांच्या आतच त्यांची समाधी याच मंदिराच्या आवारात झाली. तेथे फलक वाचताना तारखेबरोबर ती कोणत्या पद्धतीने दिली आहे हेही पाहावे. दुर्दैवाने हे सांगणारा फलक क्वचितच आढळतो.

प्रश्न : लकडी पुलावर ‘छत्रपती संभाजी पूल’ अशी पाटी आहे आणि पुलात लाकूड कोठेच नाही. पानिपताहून परतणाऱ्या सैन्यासाठी हा पूल बांधला असे ऐकले आहे. हे खरे का? (डेक्कन जिमखान्यावरील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : मूळ पूल पेशवाईत लाकडाचा होता आणि तो १७६१ मध्ये बांधल्याचे मानले जाते. नाव त्याचेच टिकले. पूल पुढे दगडी झाला, रुंदही झाला, अधिकृत नावही बदलले, परंतु रिक्षावाल्याला ‘लकडी पूल’ म्हटल्याखेरीज पुणेकराचे समाधान होत नाही. (पुष्कळ वर्षे या पुलावर दुचाकींना बंदी होती. पुलाच्या इतिहासापेक्षा ती गोष्ट अनेकांना अधिक पाठ आहे.)

पानिपताच्या कथेबद्दल थोडे सावधपणे बोलावे लागेल. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतर परतलेल्या शिपायांना उजळ माथ्याने वेशीतून येण्याची लाज वाटू लागली, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी नदीवर वेगळी वाट करून दिली, असे लोक सांगत आले आहेत. ही लोकांच्या आठवणीतली गोष्ट आहे आणि तिला त्या नात्यानेच मान द्यावा. कागदोपत्री पक्के आहे ते एवढे, की पानिपताच्या धक्क्याने खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निवर्तले आणि त्यांची समाधी याच मुठेच्या काठी, आज पूना हॉस्पिटल आहे त्या परिसरात आहे. रुग्णाला डबा पोचवायला जाणारी शेकडो माणसे रोज तिच्या जवळून जातात. आपल्याला पानिपताची पुण्यातील खूण पाहायची असेल, तर पुलाच्या आधी तेथे जावे.

पुलांची दोन नावे हा मुठेकाठचा जुना रिवाजच म्हणावा लागेल. १९२३ मध्ये झालेला शिवाजी पूल शंभरी उलटून गेल्यावरही ‘नवा पूल’ आहे, आणि ओंकारेश्वराजवळच्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव असले तरी बोलण्यात तो ‘ओंकारेश्वराचा पूल’च राहिला आहे. लोकांच्या तोंडचे नाव हीही एक पाटीच असते आणि ती उतरवता येत नाही. आमच्या मते नव्या फलकावर अधिकृत नावाखाली लोकनावही लिहिले जावे. त्यामुळे ज्या थोर व्यक्तीचे नाव दिले आहे तिचा मान यत्किंचितही कमी होत नाही.

प्रश्न : आमचा नारायण पेठेतील वाडा पाडून तेथे इमारत होणार आहे. जिन्याच्या भिंतीवर आमच्या आजोबांनी तेलरंगाने ओढलेली पानशेतच्या पुराची रेघ आहे. ती छातीइतक्या उंचीवर आहे, तर नदीच्या बाजूला थोडे पुढे असलेल्या एका घरात तीच रेघ माळ्याच्याही वर दाखवतात. यांपैकी खरी कोणती? आणि भिंतच जाणार असेल तर रेघ जपायची कशी?

उत्तर : या अंकातील सर्व प्रश्नांत आम्हांला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण इतर पाट्या कोणीतरी मागाहून लावलेल्या असतात, पण ही रेघ ज्याने पाणी पाहिले त्यानेच ओढलेली आहे.

प्रथम घटना थोडक्यात सांगतो. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पूर्ण होण्याआधीच त्यात पाणी साठवण्यात आले होते. पाणी बाहेर सोडण्याच्या भुयारावरील भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती टाकून तो रात्रभर सावरून धरला, तरी १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यात आले आणि एकोणिसाव्या शतकातील ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. म्हणजे पुण्यात शिरलेला पूर दोन धरणांचा होता. पुलाची वाडी, डेक्कन, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार असे नदीकडेचे सारे भाग पाण्याखाली गेले, लकडी पूलही बुडाला, आणि पाणी ओसरल्यावर पिण्याच्या पाण्याचे हाल सुरू झाले, कारण शहराला पाणी देणारे खडकवासलाच उरले नव्हते. गोखलेनगर, सहकारनगर या भागांतील पूरग्रस्तांच्या वसाहती या पुरातूनच उभ्या राहिल्या. नदीपासून इतक्या दूर असल्या, तरी आमच्या हिशेबी त्याही पुराच्याच खुणा आहेत.

आता रेघांचे पाहू. दोन्ही रेघा खऱ्या असू शकतात. पाण्याचा पृष्ठभाग थोड्या अंतरात जवळजवळ सपाट असतो, परंतु जमीन सपाट नसते. नदीकडून लक्ष्मी रस्त्याकडे जाताना ती चढत जाते, म्हणून नदीजवळच्या घरात जी पातळी माळ्याच्या वर गेली, ती चढावरच्या वाड्यात छातीपर्यंतच आली. वाड्याचे जोते किती उंच होते यावरही फरक पडतो. रस्त्यावरून मोजणाऱ्याला आणखी एक फसगत होते. साठ-पासष्ट वर्षांत डांबराचे थर एकावर एक चढून पेठांमधील रस्ते बरेच वर आले आहेत, त्यामुळे आज फूटपाथवरून मोजलेली उंची त्या दिवशीच्या खोलीपेक्षा कमी भरते.

एक गोष्ट मात्र तपासून पाहावी. पूर चढतो तेव्हा सर्वांत वरच्या पातळीवर पाणी थोडाच वेळ थांबते आणि मग उतरताना एखाद्या खालच्या पातळीवर तासन्तास रेंगाळते. चिखलाचा सर्वांत गडद पट्टा बहुधा त्या खालच्या पातळीवर उमटतो. घरी परतलेल्या माणसाने भिंतीवरचा तो गडद पट्टा पाहून रेघ ओढली असेल, तर ती कमाल पातळीपेक्षा खाली असते. आपल्या आजोबांनी रेघ ओढली तेव्हा ते पुरात घरात अडकले होते की नंतर परतले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे.

जपण्याविषयी सांगायचे तर, नव्या इमारतीच्या जमिनीपासून तेवढीच फुटे मोजून पुन्हा रेघ ओढणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत मोठी चूक असते. नव्या इमारतीखाली वाहनतळ येईल, जोते बदलेल, आणि रेघ खोटी होईल. रेघेची उंची समुद्रसपाटीच्या संदर्भात नोंदवून घ्यावी. इमारतीच्या कामासाठी वास्तुविशारदाकडून जमिनीची मोजणी होणारच असते. त्याच मोजणीदाराला जवळच्या स्थिर तलचिन्हावरून (समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच मोजलेल्या खुणेवरून) रेघेची पातळी घ्यायला सांगितले, तर त्याचे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. वाडा पाडण्यापूर्वी भिंतीला टेप लावून, पायरी आणि रेघ दोन्ही दिसतील असे छायाचित्र काढावे. शक्य असल्यास रेघेचा गिलाव्यासह तुकडा कापून काढावा, मात्र विटांच्या जुन्या भिंतीत हे नेहमी साधते असे नाही. नवी इमारत उभी राहिली की त्याच मोजलेल्या पातळीवर दगडी किंवा धातूची पट्टी बसवावी, मग ती वाहनतळाच्या खांबावर येवो की जिन्यात. पट्टीवर पुराच्या तारखेबरोबरच ‘मूळ रेघ वाड्याच्या जिन्यात होती, वाडा अमुक वर्षी उतरवला, पातळी मोजून येथे आणली’ एवढे लिहायला विसरू नये.

शेजारच्या घराची पातळीही त्याच मोजणीदाराकडून घेता आली तर दुधात साखर. दोन आकड्यांत फार अंतर निघाले नाही, तर दोन्ही घरांचा वाद कायमचा मिटेल.

प्रश्न : शिवाजी पुलासारख्या जुन्या बांधकामांवर इंग्रज गव्हर्नरांची नावे कोरलेले दगड अजून का ठेवले आहेत? ते काढून टाकावेत असे मला वाटते. (कसबा पेठ)

उत्तर : आमचे मत वेगळे आहे. दगडावर काय कोरले आहे याइतकेच ते कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने कोरले याला महत्त्व असते, आणि दगड काढला की दुसरा भाग कायमचा पुसला जातो. शिवाजी पुलाचे पहिले नाव लॉईड ब्रिज. जॉर्ज लॉईड हे १९१८ ते १९२३ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि पूल पुरा झाला ते त्यांच्या कारकिर्दीचे शेवटचे वर्ष. म्हणजे नाव देण्यात इतिहासाचा विचार कमी आणि शिष्टाचाराचा अधिक होता, हे त्या दगडामुळेच कळते. पुढे नाव बदलले, तेही इतिहासाचाच भाग झाले. दोन्ही शेजारी शेजारी दिसावेत.

मुळा-मुठेच्या संगमावरील पुलाची कथा याहून बोलकी आहे. १८७५ च्या त्या पुलाला वेलस्लीचे नाव होते. हा तोच आर्थर वेलस्ली, जो एप्रिल १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी सैन्यासह पुण्यात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात असईला शिंद्यांशी लढला. संगमाचे महत्त्व त्याहीपूर्वीचे आहे. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकिलाची, म्हणजे रेसिडेंटाची वस्ती येथे होती. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पहिला रेसिडेंट म्हणून आला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा त्या वेळचा रेसिडेंट एल्फिन्स्टन मुळा ओलांडून खडकीच्या छावणीत गेला आणि मागे राहिलेली रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली. त्यात त्याची पुस्तके आणि कागदपत्रेही गेली. अवघ्या बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पेशवाईच्या शेवटच्या पंधरवड्याची सुरुवात जेथे झाली, तेथे आज गाड्या सिग्नलला थांबतात एवढेच. एखादा दगड काढण्यापेक्षा संगमावर एक दगड बसवण्याचा आग्रह आपण धरलात, तर आम्ही आपल्या बाजूने लिहू.

जाता जाता नदीच्या खालच्या अंगाविषयी. बंड गार्डनमधील ‘बंड’ हे सत्तावन्नचे बंड नव्हे, असा खुलासा दर काही वर्षांनी करावा लागतो. मुळा-मुठेवर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून शहराच्या पाण्यासाठी बंधारा झाला. इंग्रजीत बंधाऱ्याला ‘बंड’ म्हणत, त्यावरून बाग ती बंड गार्डन. तेथील १८६७ च्या पुलाला फिट्झेराल्ड या गव्हर्नरांचे नाव मिळाले आणि बागेला पुढे महात्मा गांधींचे. ज्यांनी पैसा दिला त्या जमशेटजींचे नाव मात्र सामान्य पुणेकराच्या बोलण्यात उरले नाही.

प्रश्न : नदीकाठच्या भागात ‘निळी रेषा’ आखली आहे असे वाचतो. महापालिकेच्या निळ्या पाट्यांशी तिचा काही संबंध आहे का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : नाही, केवळ रंगाचा योगायोग आहे. निळी पाटी थोर व्यक्तीच्या वास्तव्याची किंवा वास्तूची माहिती देते. निळी पूररेषा पाटबंधारे खाते आखते आणि सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची कड ती दाखवते. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध, आणि निळ्या व लाल रेषेमधले नियंत्रित मानले जाते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षे निश्चिंती असा नव्हे. दर वर्षी त्याची शक्यता शंभरात एक असते, आणि लागोपाठच्या दोन वर्षांतही तो येऊ शकतो. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरले, ते आपल्या भागातील वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९६१ च्या रेघेशी मात्र या रेषांची तुलना करू नये, कारण तो पूर पावसाचा नव्हता, फुटलेल्या धरणांचा होता.

प्रश्न : आमच्या मंडळाला शिवाजीनगर गावठाणाच्या बाजूने, घाटाजवळ माहितीफलक लावायचा आहे. मजकूर कसा असावा? (शिवाजीनगर)

उत्तर : परवानगीसाठी महापालिकेच्या वारसा विभागाकडे आधी अर्ज करावा, आणि मंदिर खासगी विश्वस्तांचे असल्यास त्यांची लेखी संमती घ्यावी. नदीपात्रात काँक्रीटचा चौथरा बांधू नये. पहिल्याच मोठ्या विसर्गात तो फलकासह जाईल, नाहीतर कचरा अडवत बसेल.

मजकूर ऐंशी शब्दांच्या आत बसवावा, कारण ऊन डोक्यावर घेऊन त्याहून अधिक कोणी वाचत नाही. गावाचे जुने नाव भांबुर्डे आहे, ते सुरुवातीलाच यावे. वृद्धेश्वर-सिद्धेश्वराच्या घाटाविषयी लिहाल तर घाट, पायऱ्या आणि मंदिर यांपैकी जे समोर दिसते त्याविषयीच लिहावे, कारण वाचणारा माणूस फलकावरून मान वर करून तीच वस्तू शोधणार असतो. सांगोवांगीची गोष्ट घालायची असल्यास ‘असे सांगतात’ हे शब्द गाळू नयेत. शक आणि इसवी सन दोन्ही द्यावेत, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेला ७८-७९ चा हिशेब एकदा करून पाहावा. खालच्या कोपऱ्यात फलक लावल्याचे वर्ष न चुकता टाकावे. देणगीदारांची नावे मूळ मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरांत नसावीत, ही आमची सूचना मंडळाच्या बैठकीत मान्य होईल याविषयी मात्र आम्ही फारशी आशा बाळगून नाही.